मानवशास्त्र आणि आकडेशास्त्र यांची सोयरीक

मुंबईहून हावड्याकडे निघालेली गाडी नागपूर सोडून पूर्वेकडे अडीचशेहून थोडे अधिक किलोमीटर गेली, म्हणजे दुर्ग लागते आणि त्याच्या पाठोपाठ भिलाईची स्थानके येऊ लागतात. सत्तर वर्षांपूर्वी येथे भातशेतीची खेडी होती. २ फेब्रुवारी १९५५ रोजी भारत सरकारने सोव्हिएत संघाशी पोलादाच्या कारखान्याचा करार केला आणि ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते येथील पहिली झोतभट्टी सुरू झाली. मधल्या चार वर्षांत शेते गेली, रूळ आले, सरळ रस्त्यांची व क्रमांक दिलेल्या सेक्टरांची नगरी उभी राहिली. या आखीव नगरीच्या कडेने कामगारांच्या दाट वस्त्या वाढल्या. खुर्सीपार ही त्यांपैकीच एक. छत्तीसगढी, तेलुगू, ओडिया, भोजपुरी, बंगाली आणि मराठीही कानी पडावी, असा हा सगळा मुलूख आहे. पोलादाने देशाच्या कानाकोपऱ्यांतून माणसे ओढून आणली, त्याचा हा परिणाम होय.

अशा वस्तीत एखादा गणक कागद घेऊन दारात उभा राहिला आहे, अशी कल्पना करावी. 'व्यवसाय' या रकान्यात तो एका घरी लिहितो : पोलाद कारखान्यात कामगार. शेजारच्या घरीही तो तेच शब्द लिहितो. दोघेही एकाच फाटकातून आत जातात, एकाच भट्टीच्या आचेत उभे राहतात. कागदावर दोघे एक झाले. परंतु पहिला कारखान्याच्या पटावरचा कायम कामगार आहे. त्याला निवृत्तीचे वय आहे, औषधपाणी आहे, रजा आहे. दुसरा कंत्राटदाराचा माणूस आहे. त्याची मजुरी पहिल्याच्या वेतनाच्या एका लहानशा अंशाइतकी असते आणि कंत्राट संपले की तीही थांबते. स्थानिक बोलीत या दोन स्थितींना दोन वेगळे शब्द आहेत. पहिल्याच्या वाट्याला 'नोकरी' आहे, दुसऱ्याच्या वाट्याला नुसते 'काम'. मुलीसाठी स्थळ पाहणारा बाप हा फरक एका प्रश्नात ओळखतो. गणकाच्या कागदाला तो ओळखता येत नाही.

लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सचे मानवशास्त्रज्ञ जोनाथन पॅरी यांनी १९९३ पासून पुढे अनेक वर्षे भिलाईत येऊन राहून जो अभ्यास केला, त्याच्या गाभ्याशी हेच दोन शब्द आहेत. अजय टी. जी. यांच्या सहकार्याने त्यांनी लिहिलेला 'क्लासेस ऑफ लेबर' हा मोठा ग्रंथ २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. नोकरीवाला आणि कामवाला हे एकाच कामगारवर्गाचे वरचे व खालचे थर नसून ते जवळजवळ दोन वेगळे वर्ग झाले आहेत, असे त्यात साधार मांडले आहे. मुलांच्या शाळा, लग्नाचे नियम, घराची बांधणी, कर्जाची कारणे, पुढच्या काळाविषयीची कल्पना, या सर्वांत ते एकमेकांपासून दूर जातात. आता हा निष्कर्ष कसा हाती आला, हे पाहण्याजोगे आहे. केवळ ओट्यावर बसून गप्पा ऐकल्याने तो आला नाही, आणि केवळ कोष्टके मांडूनही आला नसता. शब्द गप्पांत सापडला. तो शब्द किती घरांना, कोणत्या पिढीला आणि कितपत लागू पडतो, हे घरोघरच्या मोजणीवाचून कळण्यासारखे नव्हते.

विद्यापीठात सामाजिक मानवशास्त्र आणि डेटा ॲनॅलिटिक्स, म्हणजे आकडेसामग्रीचे विश्लेषण, हे दोन विषय जोडीने घ्यावेत काय, असा प्रश्न आज अनेक घरांत निघतो. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने मुख्य विषयासोबत दुसऱ्या शाखेतला गौण विषय घेण्याची वाट मोकळी केल्यापासून तो अधिकच निघू लागला आहे. पालकांना दुसऱ्या विषयाचे प्रयोजन चटकन पटते, कारण त्याला बाजारात भाव आहे. पहिल्याविषयी मात्र त्यांचा चेहरा साशंक होतो. आदिवासींच्या चालीरीती लिहून काढण्याचे ते शास्त्र, असा एक जुना समज आहे. वस्तुतः सामाजिक मानवशास्त्र म्हणजे माणसांच्या एखाद्या समूहात दीर्घकाळ राहून, त्यांची भाषा शिकून, त्यांचे नातेसंबंध, देवाणघेवाण, अधिकार आणि श्रद्धा त्यांच्याच शब्दांत समजून घेण्याची शिस्त. तो समूह बस्तरच्या अरण्यात असेल, तसाच कारखान्याच्या तिसऱ्या पाळीतही असेल. आकडेविश्लेषण म्हणजे पुष्कळ नोंदी गोळा करणे, त्या स्वच्छ करणे, त्यांतील क्रम व संबंध शोधणे आणि सापडलेला संबंध खरा की योगायोगाचा हे पारखणे. एक शास्त्र थोड्या माणसांना खोलवर ओळखते, दुसरे पुष्कळांना वरवर. दोन्ही प्रकारचे ज्ञान अपुरे आहे, आणि प्रत्येकाचा अपुरेपणा दुसऱ्याच्या जागेवरून स्पष्ट दिसतो.

ही जोडी नवी आहे असे मानण्याचे कारण नाही. किंबहुना भारतातील संख्याशास्त्राचा जन्मच मानवशास्त्राच्या अंगणात झाला, आणि त्या जन्मकथेतला एक प्रसंग नागपुरातला आहे. १९२० साली भारतीय विज्ञान परिषदेचे अधिवेशन नागपूर येथे भरले होते. कलकत्त्याच्या प्रेसिडेन्सी महाविद्यालयात पदार्थविज्ञान शिकविणारे प्रशांतचंद्र महालनोबीस तेथे उपस्थित होते. प्राणिविज्ञान सर्वेक्षणाचे संचालक नेल्सन ॲनंडेल यांनी त्यांच्यापुढे एक काम ठेवले. कलकत्त्यातील अँग्लो-इंडियन लोकांच्या शरीराची मापे ॲनंडेल यांनी घेऊन ठेवली होती. त्यांतून काय निघते, ते महालनोबीस यांनी पाहावे. महालनोबीस यांनी ते पाहिले, त्यावरचा पहिला लेख १९२२ मध्ये छापून आला, आणि पदार्थविज्ञानाचा हा प्राध्यापक पुन्हा कधी आकड्यांतून बाहेर पडला नाही.

त्या मापांतून एक प्रश्न उभा राहिला होता. दोन समूह एकमेकांच्या जवळचे आहेत की दूरचे, हे मोजावयाचे कसे? उंचीतला फरक सेंटिमीटरांत येतो, नाकाच्या रुंदीतला मिलिमीटरांत. दोहोंची सरळ बेरीज करणे म्हणजे मण आणि तोळे एकत्र मिळविणे. शिवाय उंच माणसाचे हातपायही लांब असतात, म्हणून उंची व हाताची लांबी ही दोन मापे वेगवेगळी धरली तर एकाच गोष्टीची दोनदा गणना होते. महालनोबीस यांनी जे सूत्र बसविले, त्यात प्रत्येक माप स्वतःच्या चढउताराच्या प्रमाणात तोलले जाते आणि मापांचा आपसांतला संबंध वजा केला जातो. हे सूत्र त्यांनी १९३६ मध्ये पूर्णत्वाने मांडले. आज जगातील कोणत्याही विद्यापीठात आकडेविश्लेषण शिकणारा विद्यार्थी 'महालनोबीस अंतर' शिकतो. बँकेच्या व्यवहारांतला संशयास्पद व्यवहार किंवा यंत्राच्या कामातला बिघाड हुडकण्यासाठी ते वापरले जाते. माणसांच्या समूहांचे नाते शोधण्यासाठी ते घडले होते, हे मात्र शिकविणाऱ्यांनाही क्वचितच आठवते. त्यांचे शिष्य सी. आर. राव १९४६ मध्ये केंब्रिजला गेले, तेही सुदानमधील जेबेल मोया येथे उत्खननात सापडलेल्या मानवी अवशेषांच्या मापांचे विश्लेषण करण्यासाठी; आणि तेथील पुरातत्त्व व मानवशास्त्राच्या संग्रहालयात बसून.

परंतु या सोयरिकीचा इतिहास निष्कलंक नाही, आणि जो विद्यार्थी ही दोन शास्त्रे एकत्र घेतो त्याने तो भाग प्रथम वाचावा. १९०१ च्या जनगणनेचे प्रमुख हर्बर्ट रिस्ले यांचा असा सिद्धांत होता की, भारतात जातीची सामाजिक पायरी नाकाच्या रुंदीच्या उलट प्रमाणात असते. नाकाची रुंदी भागिले उंची गुणिले शंभर, असा एक अंक काढावयाचा आणि त्याच्या क्रमाने जातींची उतरंड लावावयाची. अंक असल्यामुळे हा सिद्धांत शास्त्रीय वाटला. १९३२ मध्ये मालवणात जन्मलेल्या आणि मुंबई विद्यापीठात समाजशास्त्राची गादी चालविणाऱ्या डॉ. गोविंद सदाशिव घुर्ये यांनी या मापांची प्रांतवार तपासणी प्रसिद्ध केली. गंगेच्या खोऱ्यातील हिंदुस्थानी प्रदेशात जो क्रम काहीसा जुळतो, तो इतर भाषिक प्रदेशांत जुळत नाही, असे त्यांनी आकड्यांनीच दाखविले. महालनोबीस यांनीही पुढच्याच सुमारास रिस्लेच्या बंगालमधील आकड्यांची फेरतपासणी करून त्यांत दुरुस्त्या केल्या. घुर्ये आणि महालनोबीस दोघेही १८९३ चे. एक संस्कृतातून समाजशास्त्राकडे आलेला, दुसरा पदार्थविज्ञानातून. आकड्याने घातलेला गोंधळ आकड्यानेच निस्तरावा लागला. मात्र कोणता प्रदेश वेगळा काढून पाहावा, हे समाज जाणणाऱ्यालाच सुचू शकत होते.

महाराष्ट्रापुरते पाहिले तर या जोडीचे सर्वांत चांगले उदाहरण पुण्याच्या डेक्कन महाविद्यालयात सापडते. घुर्यांच्याच विद्यार्थिनी डॉ. इरावती कर्वे १९३९ मध्ये तेथे रुजू झाल्या. त्यांनी गावोगाव फिरून महाराष्ट्रातील समूहांची मापे घेतली आणि त्यांचे विश्लेषण संख्याशास्त्रज्ञ वि. म. दांडेकर यांच्यासह केले. तो ग्रंथ १९५१ मध्ये प्रसिद्ध झाला. ('भारतातील दारिद्र्य' या विषयावर नीळकंठ रथ यांच्याबरोबर १९७१ मध्ये लिहून ज्यांनी देशभर वाद उठविला, तेच हे दांडेकर.) इरावतीबाईंचा आग्रह एका मुद्द्यावर होता. 'कुंभार' किंवा 'ब्राह्मण' असे एकच खाते धरून माप घेऊ नये. ज्यांच्यात परस्पर सोयरीक होते तो समूह एकक धरावा. महाराष्ट्रात कुंभार म्हणविणारे अनेक समूह आहेत, त्यांच्यात बेटीव्यवहार नाही, आणि एका समान धंद्यामुळे बाहेरच्यांनी त्यांना एकच नाव दिले आहे. एका मूळ जातीच्या फुटून शाखा झाल्या, ही समजूत तपासून पाहिल्याशिवाय खरी मानता येत नाही. वेगवेगळे समूह एका नावाखाली गोळा झाले असण्याचाही संभव आहे. आता हे उघड आहे की, 'कुंभार' हे एकच खाते धरून सरासरी काढली असती, तर हा प्रश्न विचारताच आला नसता. मोजण्यापूर्वी खाती पाडावी लागतात, आणि खाती पाडतानाच अर्धे उत्तर ठरून जाते.

याचा प्रत्यय अलीकडे मोठ्या प्रमाणावर आला. २०११ च्या सामाजिक-आर्थिक व जातिगणनेत लोकांनी आपली जात म्हणून जे सांगितले ते तसेच नोंदविले गेले. १९३१ च्या जनगणनेत ४,१४७ जाती होत्या; २०११ च्या नोंदींत ४६ लाखांहून अधिक नावे निघाली, असे केंद्र सरकारने २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयात सांगितले. एकट्या महाराष्ट्रात ही नावे सव्वाचार लाखांच्या वर होती. एवढ्या जाती अर्थातच नाहीत. कोणी आडनाव सांगितले, कोणी कूळ, कोणी पोटजात, कोणी धंदा. आणि लिहिणाऱ्याने एकच नाव दहा प्रकारे लिहिले. वर्णलेखनातील भेद यंत्र मिटवू शकते. अक्षरांच्या जवळिकीवरून शब्दांचे पुंजके करणारी रीत विद्यार्थी दुसऱ्या वर्षीच शिकतो. परंतु दोन जवळजवळ सारखी लिहिली जाणारी नावे खरोखर दोन निराळे समाज आहेत, आणि दोन अगदी भिन्न दिसणारी नावे एकाच समाजाची आहेत, हे अक्षरांवरून कळत नाही. त्यासाठी कोणाच्या मुली कोणाकडे जातात, हे ठाऊक असावे लागते. पुढील जनगणनेत जातीची नोंद करण्याचे सरकारने २०२५ मध्ये जाहीर केले. तेव्हा हे काम करू शकणारी माणसे कोठून येणार, हा प्रश्न विद्यापीठांपुढे आजच आहे.

पुन्हा खुर्सीपारकडे वळावे. जनगणनेच्या कागदावर वैवाहिक स्थितीचे ठराविक पर्याय असतात : अविवाहित, विवाहित, विधवा-विधुर, विभक्त, घटस्फोटित. छत्तीसगढच्या पुष्कळ समाजांत पहिले लग्न मोडून स्त्रीने दुसऱ्याच्या हातची बांगडी भरावी आणि त्याच्या घरी नांदावयास जावे, अशी जुनी चाल आहे. 'चूडी' या नावाने ती ओळखली जाते. त्यासाठी कोर्टाची पायरी चढावी लागत नाही. अशी स्त्री गणकाला सरळ 'विवाहित' सांगते, आणि ते खरेही असते. मग कोष्टकात घटस्फोट अत्यल्प दिसतात आणि कोणी दूरचा पंडित त्यावरून येथील कुटुंबसंस्था अढळ असल्याचा निर्वाळा देतो. पॅरी यांच्या अभ्यासात याच्या जोडीला आणखी एक गोष्ट आढळली : कारखान्याची कायम नोकरी मिळालेल्या घरांत ही चाल मागे पडत चालली आणि लग्न अधिक टिकाऊ होऊ लागले. म्हणजे नोकरी आणि काम यांतला भेद विवाहाच्या आतही पोहोचला होता. हे दाखविणारा रकाना कोणत्याही छापील कागदावर नव्हता. तो नव्याने आखावा लागला.

दुसरी अडचण वेळेची आहे. कारखाना तीन पाळ्यांत चालतो. सकाळी अकराला दार ठोठावणाऱ्याला रात्रपाळीचा माणूस झोपलेला सापडतो आणि रोजंदारीचा माणूस केव्हाच बाहेर पडलेला असतो. घरात जो सापडतो, तोच उत्तर देतो. अशा रीतीने गोळा झालेल्या उत्तरांवर कितीही नामांकित सूत्र चालविले, तरी ते सूत्र सकाळी अकराला घरी असणाऱ्या माणसांविषयीच बोलेल.

तिसरी अडचण अधिक सूक्ष्म आहे आणि तिला मानवशास्त्राच्या इतिहासात एक नावही आहे. १८८८ मध्ये एडवर्ड टायलर यांनी लंडनच्या मानवशास्त्र संस्थेत एक निबंध वाचला. साडेतीनशेच्या आसपास मानवसमूहांची माहिती कोष्टकांत मांडून विवाह व वंशगणना यांच्या रीतींचा परस्परसंबंध त्यांनी काढला होता. अध्यक्षस्थानी फ्रान्सिस गाल्टन होते. त्यांनी एकच शंका विचारली. हे समूह खरोखर एकमेकांपासून स्वतंत्र आहेत काय? शेजाऱ्याने शेजाऱ्याची चाल उचलली असेल, किंवा दोघांनी ती एकाच पूर्वजाकडून घेतली असेल, तर दोन उदाहरणे म्हणून आपण एकच उदाहरण दोनदा मोजतो. ही 'गाल्टनची शंका' भिलाईच्या गल्लीत जशीच्या तशी उभी राहते. एक जण गावाहून येतो, तो भावाला बोलावतो, भाऊ मेहुण्याला, मेहुणा गावच्या सोबत्याला. एका ओळीतली वीस घरे कोष्टकात वीस असतात, नात्यात तीन निघतात. आकडेविश्लेषकाच्या बहुतेक कसोट्या नोंदी परस्परांपासून स्वतंत्र आहेत असे गृहीत धरतात. कोण कोणाच्या बोलावण्यावरून आला, ही वंशावळ काढणे मानवशास्त्राच्या विद्यार्थ्याला पहिल्याच वर्षी शिकवितात. आणि ती काढली, तर विश्लेषकाला घरांचे योग्य गट पाडून हिशेब दुरुस्त करता येतो.

आतापर्यंत तक्रार आकड्यांविरुद्ध झाली. परंतु वस्तीत राहणाऱ्या अभ्यासकालाही आकड्यांनी भानावर आणावे लागते, आणि हा भाग मानवशास्त्रज्ञ थोडा हात राखून सांगतात. वस्तीत राहणारा ज्यांच्या घरी चहा घेतो त्यांच्या डोळ्यांनी पाहू लागतो. भिलाईत आत्महत्यांचे प्रमाण वाढत असल्याची चर्चा होती. कोणीही सहज म्हणेल की, हे दुःख सर्वांत गरिबाच्या घरी असणार. पॅरी यांनी २०१२ मध्ये या विषयावर जो लेख प्रसिद्ध केला, त्यातले चित्र वेगळे होते. ही वाढ विशेषेकरून सुस्थित समजल्या जाणाऱ्या, कायम नोकरी असलेल्या कामगारांच्या घरांत दिसत होती. एके काळी कारखान्याच्या पटावर साठ हजारांहून अधिक माणसे होती. पुढे ती संख्या निम्म्याहून खाली आली. बापाने मिळविलेली नोकरी मुलाला मिळेनाशी झाली. ज्याच्या घरी नुसते काम होते, त्याच्या मुलाचे खाली पडण्याचे अंतर थोडे होते. नोकरीवाल्याच्या मुलाचे फार मोठे. हे कारण माणसांशी बोलूनच उमगते. परंतु कोणत्या घरी जाऊन बोलावे, हे अंदाजाने ठरविले असते, तर अभ्यासक भलत्याच दारात जाऊन बसला असता.

मग या दोन विषयांचा अभ्यास कोणत्या क्रमाने व्हावा? रायपूरच्या पंडित रविशंकर शुक्ल विद्यापीठासारख्या जुन्या विद्यापीठांत मानवशास्त्राचा विभाग आहे, पुण्यास आहे, इतरत्रही आहे. संख्याशास्त्र व संगणनाचे वर्ग तर आता सर्वत्र निघाले आहेत. दोन्ही एका छपराखाली असले, म्हणजे एका डोक्यात येतातच असे नाही. बहुधा असे घडते की, विद्यार्थी सोमवारी नातेव्यवस्थेवरचे व्याख्यान ऐकतो, मंगळवारी 'आर' किंवा 'पायथन' या संगणकभाषांत आज्ञा लिहावयास शिकतो, आणि मंगळवारच्या सरावासाठी त्याला दिलेली सामग्री कोठल्यातरी परदेशी नगरातील घरांच्या किमतींची असते. ही व्यवस्था सोपी आहे, पण निरुपयोगी आहे. पहिल्याच वर्षी विद्यार्थ्याने आपल्या राहत्या गल्लीतील तीस घरांची यादी स्वतः करावी, प्रश्न स्वतः लिहावेत, उत्तरे हाताने कोष्टकात मांडावीत. कोणत्या उत्तरासाठी रकाना सापडला नाही, याची वेगळी वही ठेवावी. यंत्र नंतर यावे. ज्याने एकदा स्वतः नोंद करताना अडखळून 'इतर' या रकान्यात माणूस ढकलला आहे, तो पुढे दहा लाख नोंदींतले 'इतर' पाहून सहज पुढे जात नाही.

गणिताविषयीची भीती हा दुसरा अडसर आहे. मानवशास्त्राकडे येणारे बरेच विद्यार्थी गणित टाळण्यासाठीच आलेले असतात, हे अप्रिय असले तरी खरे आहे. त्यांना हे सांगावेसे वाटते की, अमेरिकेतील मानवशास्त्राचे प्रवर्तक फ्रांत्स बोआस यांची पदवी पदार्थविज्ञानातली होती. १९०८ ते १९१० या काळात त्यांनी न्यूयॉर्कमधील स्थलांतरितांची व त्यांच्या मुलांची, सुमारे अठरा हजार माणसांची, मापे घेतली आणि डोक्याचा आकार वंशाने कायमचा ठरलेला नसून परिस्थितीने पिढीत बदलतो, असा निष्कर्ष काढला. १९२८ मध्ये त्यांनी ती सर्व मूळ मापे छापून टाकली. त्यामुळे सुमारे पाऊणशे वर्षांनंतरही, २००२ व २००३ मध्ये, दोन वेगळ्या गटांना ती पुन्हा तपासून एकमेकांशी वाद घालता आला. आपले आकडे दुसऱ्याच्या हाती तपासावयास देण्याचे हे धैर्य आजच्या विश्लेषकांतही सररास आढळत नाही.

तथापि वस्तीची मूळ नोंद छापून टाकणे नेहमीच उचित नसते, आणि येथे दोन शास्त्रांच्या सवयी एकमेकींशी भांडतात. विश्लेषक म्हणतो, नाव व पत्ता काढून टाकला की झाले. राहिलेला अभ्यासक जाणतो की, 'तेलुगू भाषक, विधवा, तीन मुली, पती कंत्राटी कामगार असताना वारले' एवढ्या खुणा असल्या, तर त्या गल्लीत नावाची गरजच उरत नाही. २०२३ मध्ये व्यक्तिगत डिजिटल माहितीच्या संरक्षणाचा कायदा झाला. पण कायद्याचा कागद गल्लीची स्मरणशक्ती ओळखत नाही. किती खुणा एकत्र छापल्या म्हणजे माणूस ओळखू येतो, याचे गणित विश्लेषणशास्त्रात आहे. कोणती खूण या वस्तीत घातक आहे, हे वस्तीतच कळते. काही ठिकाणी दारूच्या कर्जाची, काही ठिकाणी जातीबाहेरच्या लग्नाची.

ही सर्व चर्चा केवळ विद्यापीठाच्या आवारातली नाही. ऑगस्ट २०२१ मध्ये केंद्र सरकारने असंघटित कामगारांच्या नोंदणीसाठी 'ई-श्रम' ही व्यवस्था सुरू केली आणि तीत तीस कोटींहून अधिक नोंदी झाल्या. भविष्यनिर्वाह निधीचा किंवा राज्य विम्याचा सदस्य असलेला कामगार तीत बसत नाही, कारण तो संघटित क्षेत्रातला समजला जातो. नियम म्हणून यात वावगे काही नाही. आता कंत्राटी मजुराची स्थिती पाहावी. एका कंत्राटदाराकडे असताना त्याच्या नावाने निधी भरला जातो; कंत्राट बदलले, दुसऱ्याकडे गेला, तेथे भरला जात नाही; मध्ये दोन महिने तो बांधकामावर जातो. तो संघटित आहे की असंघटित? एका यादीत त्याचे जुने नाव असते म्हणून दुसरीत नवे चढत नाही, आणि पहिल्या यादीतला निधी तर केव्हाच थांबलेला असतो. दोन्ही याद्या आपापल्या परीने बिनचूक आहेत. त्या एकमेकींशी जुळवून अशी माणसे किती, हे विश्लेषक काढू शकेल. पण अशी माणसे आहेत, हे त्याला आधी कोणीतरी सांगावे लागते. खुर्सीपारमध्ये वाढलेल्या, आणि नोकरी व काम यांतला भेद घरच्या जेवणाच्या पंगतीत ऐकलेल्या मुलीला किंवा मुलाला ते सांगण्यासाठी कोठे फिरून यावे लागणार नाही. त्याला आज्ञावली लिहिता आली पाहिजे, एवढेच बाकी आहे.